सल्ल्याला लेखी उत्तर हवे



अध्यक्ष म्हणून थेट विषयाकडे वळते. पाण्यावर काम करणाऱ्यांच्या आपल्या या परिषदेत दरवर्षी उत्तम निबंध वाचले जातात. नायट्रेट, फ्लोराइड, कोलिफॉर्म, औषधांचे अवशेष, सगळ्यांवर चर्चा होते. यंदा मला या शोधांच्या पुढच्या टप्प्याबद्दल बोलायचे आहे. आपण जे शोधून काढतो ते राज्य चालवणाऱ्यांपर्यंत सल्ल्याच्या रूपाने कोण नेतो, आणि नेल्यावर त्याचे काय होते? पाण्याच्या गुणवत्तेबद्दल राज्याला सल्ला देणारी यंत्रणा आज ज्या रूपात आहे त्या रूपात ती काम करू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ती बदलली पाहिजे.

नमुना कसा घेतात हे तुम्हाला सांगायला नको. पण सभागृहात लोकप्रतिनिधी आहेत, पत्रकार आहेत, त्यांच्यासाठी सांगते. अणुजैविक तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. पाण्यातला क्लोरीन त्याने जागच्या जागी निष्प्रभ होतो. तसे केले नाही तर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहील आणि प्रयोगशाळेला पाणी आहे त्याहून चांगले दिसेल. नळाचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यायचे, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचे, मग बाटली भरायची, वर जराशी हवा ठेवायची. झाकण हातातच धरायचे, कट्ट्यावर टेकवायचे नाही. बाटली बर्फाच्या डब्यात घालून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे नळ्यांमध्ये जंतू वाढायला आणखी 24 ते 48 तास लागतात. मग शेरा पडतो, ‘पिण्यास अयोग्य’. तो कागद पंचायत समितीत जातो, तिथून ग्रामपंचायतीत. तोवर गावाने ते पाणी पिऊन झालेले असते.

हा उशीर कुणाच्या हलगर्जीपणाचा नाही. जंतूंना वाढायला वेळ लागतोच. म्हणून तर रोजची ओटी टेस्ट महत्त्वाची. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग उमटला तर क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा लागतो. ती पिवळी झाक हेच त्या दिवशीचे गावाचे संरक्षण.

आता प्रश्न असा, की एका गावाचा अहवाल त्या गावाच्या कामाचा. पण एका तालुक्याचे दहा वर्षांचे अहवाल एकत्र कोण ठेवतो? समजा एखाद्या तालुक्यात दर जूनमध्ये नमुने नापास होतात. गावोगावी जाऊन पाहिले तर कळते, की टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती उन्हाळ्यापूर्वीच घेतलेली, ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे ठेवून पडलेली. चांगल्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उष्णतेने आणि दमट हवेने तो उडून जातो, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर वापरण्यायोग्य राहत नाही. म्हणजे पहिल्या पावसात विहिरीत गाळ उतरतो, क्लोरीनची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक इमानेइतबारे चुना ढवळून टाकत असतो. त्याला नोटीस काढून काय होणार? खरेदी दोन हप्त्यांत करा, पोती हवाबंद ठेवायची सोय करा, पावडरीची ताकद तपासल्याशिवाय बिल काढू नका, हा सल्ला राज्याला कुणीतरी द्यायला हवा. हे एखाद्या सल्लागार परिषदेचे काम आहे. सुटे अहवाल जुळवून त्यातून धोरणाची गोष्ट काढायची आणि ती सरकारच्या टेबलावर ठेवायची.

हे काम आज कोणाकडे आहे? कागदावर पाहिले तर एकापेक्षा जास्त जणांकडे आहे.

महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता, याचा मला अभिमान आहे. केंद्राचा जलप्रदूषण कायदा 1974 चा. आपला राज्याचा कायदा 1969 चा. त्याखाली सप्टेंबर 1970 मध्ये आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. केंद्रीय कायदा आपण 1981 मध्ये स्वीकारला. त्या कायद्याने मंडळाला जी कामे नेमून दिली त्यांत राज्य सरकारला सल्ला देणे हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. पण त्याच मंडळाने उद्योगांना संमतीपत्रे द्यायची, त्याच मंडळाने नमुने घ्यायचे, त्यानेच नोटिसा बजावायच्या आणि खटले भरायचे. राज्याच्या पाण्याची अवस्था वाईट आहे असा सल्ला या मंडळाने द्यायचा म्हणजे आपण दिलेल्या संमतीपत्रांवरच बोट ठेवायचे. माणसे कितीही सचोटीची असोत, ही रचना त्यांना मोकळेपणाने बोलू देत नाही.

रचनेचा दुसरा दोष सदस्यांच्या यादीत आहे. कायद्याप्रमाणे अध्यक्ष, पाचपर्यंत सरकारी अधिकारी, पाचपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार यांच्या वतीने तीनपर्यंत अशासकीय सदस्य, सरकारी कंपन्यांचे दोघे आणि एक सदस्य सचिव. म्हणजे जास्तीत जास्त सतरा जण. त्यात साथरोगांच्या जाणकारासाठी राखलेली एकही जागा नाही. ज्या कायद्याचा हेतू पाणी आरोग्यदायी राखणे हा आहे, त्याच्या मंडळात डॉक्टर नसला तरी कायद्याचा भंग होत नाही!

देशभरात या मंडळांवर कोण बसते हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये अनेक राज्यांतल्या नेमणुकांवर ताशेरे ओढले. सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचे आदेश अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द केले, पण राज्यांना बजावले की सहा महिन्यांत पात्रतेचे नियम करा, या मंडळांवर व्यावसायिक आणि जाणकार माणसे हवीत. 2024 च्या दुरुस्तीने अध्यक्षांच्या निवडीची पद्धत ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. पात्रतेचा प्रश्न निदान ऐरणीवर आला, हे चांगले झाले. पण कितीही पात्र माणूस आणून बसवला तरी त्याच्या सल्ल्याचे पुढे काय होते, हे कोणताच नियम सांगत नाही.

दुसरी यंत्रणा 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातली. या कायद्याने राज्य जल परिषद स्थापन केली. मुख्यमंत्री तिचे अध्यक्ष, मंत्री तिचे सदस्य. राज्याच्या पाण्याचा एकात्मिक आराखडा मंजूर करणे हे तिचे मुख्य काम. याच कायद्यात पाण्याच्या गुणवत्तेचे जतन आणि जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी हे तत्त्वही आहे. या परिषदेची पहिली बैठक झाली जानेवारी 2015 मध्ये. कायदा झाल्यावर जवळपास दहा वर्षांनी, आणि तीही पाण्याच्या एका अभ्यासकाने जनहित याचिका करून उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर. दहा वर्षे राज्याची सर्वोच्च जल परिषद एकदाही भरली नाही आणि त्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागला नाही. याचे कारण सोपे आहे. बैठक घेतली नाही तर काय, याची तरतूदच नव्हती.

बाकीचे काम वाटलेले आहे. नदी प्रदूषण मंडळाची, भूजल भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे, खेड्यातला नळ पाणीपुरवठा विभागाचा, शहरातला नळ महापालिकेचा, आणि आजारी पडलेला माणूस आरोग्य विभागाचा. प्रत्येकाची प्रयोगशाळा वेगळी, तक्ते वेगळे, वरिष्ठ वेगळे.

याची किंमत आपण मोजली आहे. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. पंचगंगेच्या पाण्यात काय मिसळते हे त्याआधी कित्येक वर्षे कागदोपत्री होते. नाल्यांचे अहवाल एका कार्यालयात होते, नळाच्या पाण्याचे दुसऱ्या, आणि काविळीचे रुग्ण तिसऱ्याच्या नोंदवहीत. तिन्ही कागद एका टेबलावर आले ते साथ पसरल्यावर. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण एकापाठोपाठ एक येऊ लागले. संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तो दूषित अन्नपाण्यातून येतो. ही गावे काही वर्षांपूर्वी महापालिकेत आली, करआकारणी आली, पण जलशुद्धीकरणाची पूर्ण सोय तिथवर पोचलेली नव्हती. समाविष्ट गावांना गाळलेले पाणी मिळेपर्यंत तिथल्या उद्भवांवर काय खबरदारी घ्यायची, हा सल्ला गावे समाविष्ट होण्याच्या दिवशीच शासनासमोर यायला हवा होता. ज्या तरुण माणसांचे हातपाय काही दिवसांत लुळे पडले, व्हेंटिलेटरवर ज्यांनी आठवडेच्या आठवडे काढले, त्यांच्या घरच्यांना कोणती यंत्रणा कुठे संपते आणि कुठली कुठे सुरू होते याच्याशी काय देणेघेणे?

म्हणून माझे म्हणणे असे, की राज्यात पाणी गुणवत्तेसाठी एकच स्वतंत्र सल्लागार परिषद असावी. नदी, भूजल, नळ आणि रुग्ण, चारही तिच्या कक्षेत असावेत. संमतीपत्रे देण्याचा किंवा दंड करण्याचा कोणताही अधिकार तिला नसावा. ती मंत्र्यांची नसावी. आणि तिला कायद्याने एकच दात द्यावा: तिने दिलेल्या प्रत्येक शिफारशीला सरकारने 90 दिवसांत लेखी उत्तर दिलेच पाहिजे. शिफारस मान्य असेल तर कोण, कधीपर्यंत, किती खर्चात करणार ते लिहावे. अमान्य असेल तर कारण लिहावे. शिफारस आणि उत्तर दोन्ही विधिमंडळाच्या पटलावर ठेवावीत.

ही मागणी जगावेगळी नाही. वित्त आयोगाच्या शिफारशींवर काय कार्यवाही केली, याचे निवेदन संसदेपुढे ठेवण्याचे बंधन संविधानाच्या 281 व्या कलमात आहे. 1952 च्या चौकशी आयोग कायद्यात, आयोगाचा अहवाल कार्यवाही अहवालासह सहा महिन्यांच्या आत सभागृहासमोर ठेवण्याची तरतूद आहे. माहिती अधिकाराचा कायदाही सांगतो, की सार्वजनिक प्राधिकरणाने बाधित लोकांना आपल्या निर्णयांची कारणे दिली पाहिजेत. पैशाच्या वाटपावरच्या सल्ल्याला उत्तर द्यावे लागते. पाण्यावरच्या सल्ल्याला का नको? सरकारने प्रत्येक सल्ला ऐकलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. निवडून आलेल्या सरकारला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, तिजोरीची मर्यादा आहे, हे मी मान्य करते. पण ‘नाही’ म्हणायचे तर ते नावानिशी आणि कारणासह म्हणावे. आज सल्ला बासनात जातो, आणि तो कोणी बांधून ठेवला हे कधीच कळत नाही.

या परिषदेवर कोण असावे? रसायनतज्ज्ञ, सूक्ष्मजीवतज्ज्ञ, भूजलशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ हे उघडच आहे. त्याबरोबर लोक पाणी प्रत्यक्षात कसे वापरतात हे जाणणारी माणसे हवीत. इंद्रायणीचे उदाहरण घ्या. आळंदीला नदीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण सर्वांनी पाहिले. आपल्या वर्गीकरणात नदीच्या पाण्याला स्नानाचा वर्ग आहे आणि निर्जंतुकीकरण किंवा पूर्ण प्रक्रिया करून पिण्याचेही वर्ग आहेत. स्नानाच्या पाण्याची कसोटी म्हणजे बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) लिटरला 3 मिलिग्रॅम किंवा कमी, आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म 100 मिलिलिटरमध्ये 500 पर्यंत, फार तर 2500. पण वारकरी ओंजळ भरतो, डोळ्यांना लावतो आणि तीर्थ म्हणून पितो. कोणत्याही प्रक्रियेविना, थेट. त्या ओंजळीसाठी आपल्याकडे कोष्टकच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांत सर्वाधिक 55 आपल्या राज्यातले. त्यातल्या कित्येक काठांवर घाट आहेत, यात्रा आहेत. 2027 चा नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे, गोदावरीत किती लाख लोक उतरतील याची कल्पना करा. परिषदेत वारीची, घाटाची, कोळीवाड्याची, धुण्याच्या दगडाची जाण असलेला आवाज नसेल तर ती कोष्टकांच्या बाहेर पाहणार नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळायला शिकवण्याची योजना आहे. त्या स्त्रियांमधून किमान दोघी परिषदेवर असाव्यात, पूर्ण सदस्य म्हणून, प्रवासखर्च आणि मानधनासह. खारपाणपट्ट्यातल्या बाईला, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या बाईला, विचारा की विहिरीला पाणी असून ते तोंडात का घेता येत नाही. यवतमाळमधल्या फ्लोराइडग्रस्त गावातली आई पोरांचे डागाळलेले दात रोज पाहते. फ्लोराइड उकळून जात नाही, हे तिला अनुभवाने कळलेले असते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. ती ओलांडणारा हातपंप बंद केल्यावर त्या वस्तीने पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न पंपाला लाल रंग फासून सुटत नाही. दुसरा स्रोत देण्याआधी पहिला बंद करायचा की नाही, यावर सल्ला देताना ती आई समोर बसलेली हवी.

उद्योगांचे प्रतिनिधी असावेत का? असावेत, त्यांच्याकडे माहिती आहे. पण प्रत्येक सदस्याने आपले हितसंबंध लिहून जाहीर करावेत आणि ते ज्यात गुंतले आहेत त्या विषयावर मत देऊ नये. प्रक्रिया केंद्रांचे ठेकेदार, शुद्धीकरण यंत्रे विकणारे, सल्लागार कंपन्यांशी करार असलेले प्राध्यापक, सगळ्यांनाच हे लागू असावे. आपल्यातल्या अनेकांनाही.

दोन आक्षेप नेहमी येतात. एक, आणखी एक समिती कशाला? हा आक्षेप मला मनापासून पटतो, म्हणूनच माझी मागणी आहे की या विषयावरच्या जुन्या समित्या बंद करून त्यांचे काम या एका परिषदेकडे यावे. दुसरा, अहवाल जाहीर केले तर लोक घाबरतील. हे मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. आपल्या जिल्हा परिषदा स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात. लाल कार्ड मिळाले म्हणून कुठल्या गावात दंगल झाली? उलट लाल कार्ड आले की ग्रामसभेत गळक्या व्हॉल्व्हचा विषय निघतो, उद्भवाभोवतीची घाण उचलली जाते. ज्याला पाणी प्यायचे आहे त्याला ते कसे आहे हे कळण्याचा पहिला हक्क आहे. महाडच्या तळ्यावर 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी पिऊन सार्वजनिक पाणी सर्वांचे हे सांगितले; त्या पाण्याची माहितीही सर्वांचीच असली पाहिजे. त्याच महाडच्या सावित्री नदीत आज काय वाहते, हे तिथल्या मच्छीमाराला मोबाइलवर, मराठीत, त्या महिन्यातच कळायला हवे.

आता थोडे आपल्याबद्दल. परिषद कितीही चांगली झाली तरी ती आपल्या आकड्यांवर उभी राहणार. आपल्या प्रयोगशाळांतले कितीतरी तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. करार वाढवायचा की नाही हे ज्याच्या हातात, त्याच्याच योजनेचा नमुना नापास करायची वेळ त्यांच्यावर येते. एका तरुण तंत्रज्ञ मुलीने मला विचारले होते, की ‘फेरनमुना घ्या’ असा तोंडी निरोप आला तर पहिला निकाल रजिस्टरमध्ये ठेवायचा की नाही? मी तिला सांगितले, ठेवायचा, शाईने लिहायचा, तारीख आणि वेळ घालायची. पण असे सांगणे मला सोपे आहे, नोकरी तिची जाते. म्हणून सुधारणेच्या मसुद्यात आणखी एक कलम हवे. नमुन्याचा मूळ निकाल बदलायला सांगणाऱ्या प्रत्येक सूचनेची लेखी नोंद झाली पाहिजे, आणि असा निकाल नोंदवणाऱ्या करारावरच्या कर्मचाऱ्याला परिषदेच्या परवानगीशिवाय कमी करता येऊ नये.

परिषदेची बैठक मुंबईतच भरावी हेही मला पटत नाही. वर्षातल्या निम्म्या बैठका जिल्ह्यांत व्हाव्यात, त्या खुल्या असाव्यात, इतिवृत्त पंधरा दिवसांत जाहीर व्हावे. 1974 च्या कायद्यात मंडळाने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावे असे लिहिले आहेच. तोच किमान नियम इथेही ठेवावा आणि सलग दोन बैठका चुकल्या तर अध्यक्षांनी त्याचे कारण विधिमंडळाला कळवावे. खर्चाचे म्हणाल, तर लहान स्वतंत्र सचिवालय, चार-पाच अभ्यासक आणि सर्व प्रयोगशाळांची माहिती एका जागी आणणारी व्यवस्था एवढेच लागेल. सचिवालय मात्र कोणत्याही एका विभागाच्या हाताखाली नको, नाहीतर टोलवाटोलवी तिथूनच सुरू होईल.

मित्रहो, आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात या मागण्यांचा ठराव मांडला जाणार आहे. त्याचा मसुदा तुमच्या पिशवीत आहे, कृपया जेवणाच्या सुट्टीत वाचा. दुरुस्त्या असतील तर लिहून द्या. विशेषतः जलसुरक्षकांनी द्याव्यात, कारण रोज नळी उजेडाकडे धरून पिवळा रंग पाहणारे तुम्ही आहात. ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत मुख्यमंत्र्यांकडे, सर्व पक्षांच्या गटनेत्यांकडे आणि प्रत्येक जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे जाईल. तुम्ही गावी परतल्यावर आपापल्या आमदारांना स्वतः भेटा, प्रत हातात द्या, पोच घ्या, आणि येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारणार का, एवढे त्यांना समोरासमोर विचारा. त्यांचे उत्तर आपल्या कार्यालयाला लेखी कळवा.